मेंढ्याच्या ग्रामसभेचा अधिकार

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गडचिरोलीचे प्रश्न तारांकित होऊन येतात, मंत्री उत्तरे देतात, लोकलेखा समिती खर्चाची छाननी करते. सरकारला जाब विचारण्याची ही साधने मोलाची आहेत. पण ज्या बहुमतावर सरकार उभे असते, तेच बहुमत सभागृहातही बसलेले असते. त्यामुळे पेच पडला की सभागृहाचा आवाज सरकारच्या बाजूने झुकतो.

त्याच गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या सभेत सत्ताधारी बाकच नाही. मतदान होत नाही, निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. अवघड प्रश्न आधी अभ्यास गटात चघळला जातो. कायद्याची कलमे वाचली जातात, बाहेरच्या जाणकारांना विचारले जाते. गावचे देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारातून ही रीत रुजली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

या सभेची खरी परीक्षा बांबूने घेतली. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात बांबू गौण वनोपज म्हणून नोंदलेला आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाना वन विभागाच्याच हाती राहिला. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये बांबूची गणना झाडात होती आणि विभाग त्यावर अडून बसला. हक्काचा कागद गावाकडे, पण परवान्याशिवाय बांबू नाक्यापलीकडे जाऊ शकत नव्हता. संसदेने केलेला कायदा आणि कार्यालयाचा कारभार यांची इतकी थेट टक्कर क्वचितच दिसते.

ग्रामसभेने पिच्छा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आता परवान्यावर सही गावाची. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही आपला बांबू ग्रामसभेमार्फत विकायला सुरुवात केली.

जंगलाइतकेच महत्त्वाचे हत्यार पैशाच्या हिशेबात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातली विकासाची योजना राबवण्याआधी ग्रामसभेची मान्यता लागते, आणि खर्च झाल्यावर पंचायतीला ग्रामसभेकडून विनियोग प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे रस्ता झाला का, विहीर खोदली का, हे बांधणाऱ्याने नव्हे, वापरणाऱ्याने लिहून द्यायचे. मुंबईच्या लोकलेखा समितीपुढे महालेखापालांचा अहवाल असतो. इथे सदस्य विहिरीवर जाऊन पाणी पाहू शकतात. हे प्रमाणपत्र कोऱ्या कागदावर सह्या गोळा करून मिळवता येऊ नये, यासाठी गावातल्या प्रत्येकाने त्या कलमाची ओळख करून घ्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

पण जिथे पाठीशी कलम नाही तिथे ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. गडचिरोलीच्याच एटापल्ली तालुक्यातले चित्र वेगळे आहे. सूरजागड इलाख्यातल्या ग्रामसभांनी लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध ठराव केले, तरी खाण सुरू झाली. खनिजाचे पट्टे देण्याचा निर्णय या सभांच्या हाती नाही. पेसा कायद्यात गौण खनिजांसाठी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज मात्र मोठ्या खनिजांत मोडते. मेंढ्यात ठरावामागे २००६ च्या कायद्याचे कलम उभे होते. सूरजागडच्या ठरावांमागे तसे कलम उभे करणे हे संसदेचे आणि विधिमंडळाचे काम आहे, आणि ते अजून व्हायचे आहे.