गाडी उभी कुठे होती?

आतेभावाला जुनी एसयूव्ही घ्यायची होती. घरात माणसं सात, महिन्यातून दोनदा पुलगावचा फेरा, आणि पैसे नव्या छोट्या गाडीपुरते. अंबाझरीच्या बाजूला एका अपार्टमेंटमध्ये पांढरी डिझेल गाडी होती, ती पाहायला आम्ही गेलो. सोबत त्याचे नेहमीचे मिस्त्री. मालकाने आधी मीटर दाखवलं : बेचाळीस हजार. रंग चकचकीत, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती चालली थे राहू द्या जी," ते म्हणाले. "उभी कुठं राहे थे सांगा."

"बेसमेंटमध्ये. पहिल्या दिवसापासून," मालक म्हणाला. भावाचा चेहरा खुलला. नागपुरात पाच वर्षं सावलीत राहिलेली गाडी! मिस्त्री मात्र गप्प झाले. ते का गप्प झाले हे पुढे येईलच. पण त्यांचा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे, कारण गाडीच्या भरवशाबद्दल विज्ञान जे सांगतं त्याचा मोठा भाग त्या एका प्रश्नात मावतो.

अभियांत्रिकीत विश्वासार्हतेची व्याख्या ठरलेली आहे. एखादी वस्तू ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ, न बिघडता काम करण्याची शक्यता म्हणजे तिची विश्वासार्हता. यातली 'ठरावीक परिस्थिती' आपण विसरतो आणि 'अमुक कंपनीची गाडी टिकते' एवढंच लक्षात ठेवतो. कंपनीचा वाटा आहेच. पण तीच गाडी पुण्यात एक आयुष्य जगते आणि नागपुरात दुसरं. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो विक्रम बाजूला ठेवला तरी ४४-४५ अंश हा आपल्याकडे मे महिन्याचा रोजचा हिशेब आहे, आणि तोही सावलीतल्या तापमापकाचा.

उन्हात उभ्या गाडीचं काय होतं, हे अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात मोजलं गेलं. तिथला उन्हाळा आपल्या जातीचाच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३८ अंशांपुढच्या दिवसांत तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला. सावलीत ठेवलेल्या गाड्यांचा ४८ वर थांबला. फरक एकवीस अंशांचा.

या एकवीस अंशांची किंमत समजायला १८८९ सालापर्यंत मागे जावं लागतं. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं समीकरणात मांडलं. त्यातून अभियंत्यांनी एक ढोबळ नियम काढला : तापमान दहा अंशांनी वाढलं की अनेक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. गाडीचं म्हातारपण म्हणजे अशाच क्रियांची बेरीज. रबर हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं, ऑइलचं ऑक्सिडेशन होतं, सोल्डरचे टाके थकतात. वीस अंशांचा फरक म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट. उन्हातली गाडी त्या तासांमध्ये सावलीतल्या गाडीच्या चारपट वेगाने म्हातारी होत असते. आणि या सगळ्यात मीटर एक किलोमीटरही पुढे सरकत नाही.

बॅटरीचं उदाहरण घ्या. उष्णतेने तिच्यातलं पाणी उडतं आणि धन पट्टीची शिशाची जाळी गंजत जाते. हे घडतं मे महिन्यात. कळतं डिसेंबरच्या एखाद्या सकाळी, जेव्हा पारा दहाच्या खाली असतो, ऑइल घट्ट झालेलं असतं आणि स्टार्टरला जास्त करंट लागतो. मग आपण थंडीला दोष देतो.

कूलंटचं दुखणं तर आपण स्वतःच ओढवून घेतो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतला द्रव सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यातली रसायनं धातूला गंजू देत नाहीत. पातळी कमी दिसली की कुणीतरी बाटलीभर बोअरचं पाणी ओततं. आपलं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर धरतात तसाच इंजिनच्या वाटांमध्ये धरतात, आणि हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जुनी गाडी पाहताना इंजिन थंड असताना झाकण उघडा. आत रंगीत स्वच्छ द्रव दिसला तर मालक काळजीचा होता. गढूळ, तांबूस पाणी दिसलं तर सर्व्हिस बुकातले शिक्के कितीही असोत, सौदा थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग नवीच का घेऊ नये? हा प्रश्न भावानेही विचारला होता. इथे आणखी एक स्वीडिश माणूस मदतीला येतो. वालोदी वायबुल हा अभियंता. १९५१ मधल्या त्याच्या गाजलेल्या निबंधाने वस्तू केव्हा आणि कशा मोडतात ते मांडायची एक लवचीक गणिती रीत रूढ केली. वायबुलची रीत हाती आली की बिघाडांचे तीन स्वभाव वेगळे करता येतात : सुरुवातीला जास्त असून मग घटणारे, कधीही अवचित होणारे, आणि झिजेमुळे वाढत जाणारे. तिन्ही एका आलेखावर ठेवले की आकार बनतो गुरांच्या नांदेसारखा. दोन्ही काठ उंच, मधला तळ सपाट.

डावा काठ नवेपणाचा. कारखान्यातला नीट न आवळलेला बोल्ट, घाईत लिहिलेलं सॉफ्टवेअर, चाचणीत न सापडलेला दोष. पुण्याच्या एआरएआयपासून अहिल्यानगरच्या व्हीआरडीईपर्यंत आपल्याकडे चाचणीच्या उत्तम सोयी आहेत, पण हजारो ग्राहक हजार तऱ्हांनी गाडी वापरतात ते कुठल्याच ट्रॅकवर पूर्ण उतरत नाही. म्हणून अगदी नवं मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्या महिन्यात बुक करणं म्हणजे डाव्या काठावर जाऊन उभं राहणं. वॉरंटी खर्च झेलते, मनस्ताप नाही. वर्षभर थांबलेल्याला तीच गाडी सुधारलेली मिळते. याउलट चार-पाच वर्षांची, इतिहास स्वच्छ असलेली गाडी नांदेच्या तळाशी असते. नवी की जुनी यापेक्षा ती नांदेत कुठे आहे, हे पाहणं महत्त्वाचं. आणि उजवा काठ किती जवळ आला ते वर्षांवर जितकं ठरतं तितकंच उष्णतेवरही.

आता किलोमीटरबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की ती जाळावी लागते, आणि त्यासाठी जाळीचं तापमान साधारण सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं. हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी चालली की हे काम आपोआप उरकतं. पण प्रतापनगरहून सीताबर्डी, चार-पाच किलोमीटर, दर सिग्नलला थांबत, हाच जिचा दिनक्रम त्या गाडीची जाळी तापतच नाही. जाळायला म्हणून इंजिन जादा डिझेल सोडतं, तेवढ्यात घर येतं, चावी बंद. अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काही महिन्यांनी डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं, आणि पातळ झालेलं ते ऑइल मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला वंगण देऊ शकत नाही.

म्हणजे शहरात बेचाळीस हजार चाललेली डिझेल गाडी ही समृद्धीवर नव्वद हजार चाललेल्या गाडीपेक्षा आतून जास्त थकलेली असू शकते. 'कमी चाललेली' हा गुण आपण पेट्रोल-कार्ब्युरेटरच्या काळातून उचलून आणला आहे. दिवसाचा प्रवास दहा किलोमीटरच्या आत असेल त्याने डिझेलच्या वाटेला जाऊच नये.

समृद्धीचा विषय निघाला म्हणून टायर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर. कारला मर्यादा १२० ची, रस्ता काँक्रीटचा, सलग. आपल्याकडे घट्ट समज आहे की उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवावी. हे नेमकं उलटं आहे. सकाळी ३० अंशांना ३३ ची हवा भरली आणि पळताना टायर ७० अंशांवर गेला तर आतला दाब साधारण ३९ होतो. टायर एवढी वाढ गृहीत धरूनच बनवलेला असतो. हवा कमी असली की मात्र प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त वाकते. वाकणारं रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही भाग उष्णता म्हणून आतच ठेवतं. मिनिटाला सुमारे आठशे-नऊशे वेळा हे होतं. टायर आतून शिजतो, थर सुटतात, आणि मग तो फुटतो. जुन्या गाडीच्या टायरवर खोल नक्षी पाहून समाधान मानू नका. बाजूवर चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने तरुण आणि रबराने म्हातारे असतात.

ताडोबात मोहर्लीच्या गेटवर जुन्या जिप्सी पाहिल्या की आपल्याला वाटतं, पूर्वीच्या गाड्या काय मजबूत होत्या. यात थोडा दृष्टिभ्रम आहे. ज्या मोडल्या त्या दिसत नाहीत, टिकल्या त्याच दिसतात. पण थोडं सत्यही आहे. समजा, एका गाडीत हजार भाग आहेत, प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९.९९ टक्के, आणि कुठलाही एक गेला तरी गाडी गॅरेजला जाणार. तर वर्षभर काहीच न बिघडण्याची शक्यता उरते फक्त नव्वद टक्के. भाग दोन हजार केले तर ब्याऐंशी. शिडीसारखी चौकट, पाटे आणि साधं पेट्रोल इंजिन यांवर चालणाऱ्या जिप्सीत बिघडायला मुळात थोडंच होतं. अर्थात तिच्यात आजच्यासारखं अपघातात माणसाला वाचवणारंही काही नव्हतं, म्हणून मी कुणाला ती घ्या म्हणणार नाही. पण विजेवर उघडणारी डिकी आणि मोठ्ठं सनरूफ यांवर जादा पैसे टाकताना हा गुणाकार आठवावा. सनरूफच्या चारी कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात. आपण गाडी लिंबाखाली लावतो, सावलीसाठी ते योग्यच, पण त्याची पानं आणि मोहोर या नळ्यांत जाऊन बसतात. पहिल्या जोरदार पावसात पाणी छतातून आत. सावलीत ठेवणाऱ्याने वैशाखात एकदा या नळ्या आणि काचेखालची जाळी साफ करून घ्यावी.

आता त्या बेसमेंटकडे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. बुडालेली गाडी वाळते, धुतली जाते, सुरूही होते. पण वायरिंगचे जाड पट्टे गालिच्याखालून गेलेले असतात, एअरबॅगचा संगणक बहुधा मधल्या भागात जमिनीलगत असतो. गाळाचं पाणी जोडण्यांत शिरलं आणि त्यावर विजेचा दाब असला की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं. तांब्यावर हिरवी भुकटी चढते, रोध वाढतो. पाच व्होल्टवर काम करणाऱ्या सेन्सरला एवढासा रोधही पुरतो चुकीचा आकडा द्यायला. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, तेव्हा हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे चूक लगेच ओळखू आली, कारण आकडा अशक्य होता. गाडीतला सेन्सर शक्य वाटणारे चुकीचे आकडे देतो, आणि इंजिन त्यांवर विश्वास ठेवतं. हे दुखणं सहा महिन्यांनी, वर्षाने वर येतं, तोवर गाडीचा मालक बदललेला असतो.

मिस्त्री गप्प झाले होते ते यासाठी. त्यांनी मागचं दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले, ओढत गेले, पट्टा संपेपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी, जी कधीच कुणी बाहेर काढत नाही, मातकट होती. तिच्यावर पाणी थांबल्याची सरळ रेघ होती.

"चला जी," ते म्हणाले.

भावाने शेवटी घेतली ती वर्ध्याच्या एका कंत्राटदाराची गाडी. शहाण्णव हजार किलोमीटर, बहुतेक वर्धा-नागपूर रस्त्यावरचे, टिनाच्या शेडखाली उभी राहिलेली. पहिल्याच आठवड्यात टायर, बॅटरी, कूलंट, सगळे रबरी होज आणि बेल्ट बदलून घेतले. बिल बरंच आलं, त्याने ते सर्व्हिस बुकात टाचून ठेवलं आहे. मे महिन्यात मी पुलगावला त्याच गाडीतून गेलो. घरी परतल्यावर त्याने ती फाटकाबाहेरच्या लिंबाखाली लावली आणि बोनेट उघडून काचेखालच्या जाळीतली पानं वेचत बसला.