सिग्नलचे सेकंद मोजायचे कोणासाठी?

लाल दिव्यावर उभं असताना आपल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्या बाजूचा हिरवा जरा वाढवला तर काय बिघडेल? आज त्याचा हिशोब करू.

१९५८ साली ब्रिटनमध्ये वेबस्टर यांनी एक सूत्र मांडलं. सिग्नलचं एक चक्र किती सेकंदांचं असावं? दिवे बदलताना वाया जाणारा वेळ घ्या, त्याची दीडपट करा, ५ मिळवा आणि चौकाची जेवढी क्षमता शिल्लक आहे तिने भागा. समजा, चार बाजूंना पाळीपाळीने हिरवा मिळतो आणि दर पाळीला ४ सेकंद वाया जातात. म्हणजे एकूण १६. दीडपट २४, अधिक ५, झाले २९. चौक ७० टक्के भरलेला असेल तर शिल्लक ०.३, म्हणजे चक्र सुमारे ९७ सेकंदांचं. ८० टक्क्यांना १४५. आणि ९० टक्क्यांना? २९०! गर्दी थोडी वाढली, पण चक्र दुप्पट झालं. एकाचा हिरवा वाढला की बाकी तिघांचा लाल वाढतो, हे विसरू नका.

पण हे झालं एकट्या चौकाचं. रस्त्यावर चौक एकामागून एक येतात. पहिल्या चौकातून सुटलेला गाड्यांचा घोळका दुसऱ्या चौकात हिरव्यावरच पोचायला हवा. यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेनिस रॉबर्टसन यांनी ‘ट्रान्सिट’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो घोळका वाटेत कसा पांगतो हे मोजतो, वेळा थोड्या बदलून बघतो, खोळंबा घटला तर बदल ठेवतो, नाहीतर सोडून देतो. आज जर्मनीतलं ‘सुमो’ हे मोफत सॉफ्टवेअर एकेक गाडी वेगळी धरून, सेकंदा-सेकंदाने पुढे सरकवतं. आपल्याकडे दुचाक्या फटीतून थेट पुढे येतात. अशी लेन न पाळणारी वाहतूकही त्यात मांडता येते, पण तसं मुद्दाम सांगावं लागतं.

आता खरी मेख इथे आहे. सॉफ्टवेअर खोळंबा कमी करतं, पण कोणाचा? आपण मोजायला सांगू त्याचा. फक्त वाहनं मोजली, तर पन्नास माणसांची बस आणि एकट्याची कार सारखीच. आणि पायी चालणारा? तो हिशोबातच नाही. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा तरुण १२ सेकंदांत ओलांडेल. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना साडेसतरा लागतील. आजींचा किमान वेळ अट म्हणून घातला नाही, तर प्रोग्रॅम तो बिनदिक्कत कापेल. त्याची चूक नाही. आपण त्याला आजी दाखवल्याच नाहीत.

तेव्हा एक गृहपाठ. घराजवळच्या चौकात घड्याळ घेऊन दहा मिनिटं उभे राहा. पूर्ण चक्र किती सेकंदांचं आहे आणि पायी चालणाऱ्याला त्यातले किती मिळतात, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.