परसातला दवाखाना

खेड्यातल्या जुन्या घराच्या परसात गेलात, की तुळस, अडुळसा, गवती चहा आणि कोरफड हमखास भेटतात. आमच्या परसातही हा दवाखाना होता आणि दादी त्याची डॉक्टर. खुरपताना बोट कापलं, की बांधावरचा दगडीपाला चोळून रस जखमेवर पिळायचा. पाय मुरगळला, की निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा. खोकल्याला अडुळशाचा रस मधातून.

ही नुसती भाबडी समजूत नव्हती. अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध तयार झालं. हळदीने जखम भरते, याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. आजीबाईच्या बटव्याला मिळालेली ही पावतीच!

पण प्रत्येक दुखण्याचं औषध बटव्यात नसतं. एका पावसाळ्यात शेजारचा मुलगा जमिनीवर झोपला असताना त्याला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, फारशी वेदनाही नसते. ‘विष भिनलेलं नाही’ म्हणत मंडळी मुळी उगाळत बसली. दादीने त्याच्या मिटत चाललेल्या पापण्या पाहिल्या. म्हणाली, ‘‘बाबांनो, हे माझ्या पाल्याचं काम न्हाय. पोराला आधी दवाखान्यात न्या.’’ बैलगाडी तालुक्याला पोचली, तेव्हा उशीर झाला होता.

मग मुळीने विष उतरतं, हा विश्वास येतो कुठून? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस मुळीशिवायही वाचलाच असता, पण श्रेय मुळीला जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष अंगात गेलं, तर त्यावर उतारा एकच, घोड्याच्या रक्तापासून बनवलेली सर्पविषावरची लस. ती सरकारी रुग्णालयात मिळते. चिरा देऊ नये, विष चोखू नये, आवळून बांधू नये. दंशाचा अवयव हलू न देता तडक निघावं.

पावसाळा लागला, की मी आजही गावी फोन करतो. सांगतो, परसात अडुळसा जरूर लावा. पण जमिनीवर झोपू नका, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी नीट खोचून घ्या.