समुद्रावरचा वारा आणि भंडाऱ्याचें ऊन

भंडाऱ्याचा एखादा गृहस्थ मे महिन्यांत रत्नागिरीस गेला, तर त्यास दोन गोष्टींचें नवल वाटतें. पहिली ही कीं, ऐन दुपारीं समुद्राकडून वारा सुटतो आणि उन्हाची धार बोथट होते. दुसरी ही कीं, ऊन सौम्य असूनहि अंगावरचा घाम कांहीं केल्या वाळत नाहीं. या दोहोंचें कारण एकच आहे, आणि तें समजून घेतलें म्हणजे भंडाऱ्याच्या उन्हाचाहि उलगडा होतो.

सूर्य जमीन व पाणी या दोहोंवर सारखाच तळपतो. परंतु दोन्ही सारखीं तापत नाहींत. मातीचा वरचा पातळ थर तेवढा तापतो, व तो लवकर तापतो. समुद्रांत किरण खोलवर शिरतात, लाटांनीं पाणी ढवळलें जातें, आणि पाण्यास तापावयाला उष्णताहि अधिक लागते. त्यामुळें सूर्य वर आल्यावर जमिनीवरील हवा तापून, हलकी होऊन वर चढूं लागते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धांव घेते. हाच खारा वारा. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो. मग वारा उलट फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळीं कोंकणचे कोळी पहांटे मतलईवर होडी बाहेर काढीत आणि दुपारीं खाऱ्या वाऱ्यावर घरीं परतत.

खारा वारा उथळ असतो. त्याची उंची फार तर किलोमीटरभर. पुढें सह्याद्रीची भिंत आडवी येते, म्हणून त्याचें बळ बहुतेक कोंकणांतच खर्च होतें. त्यानें पडणारा फरक मात्र मोठा आहे. मे महिन्यांत रत्नागिरीस दिवसाचें कमाल उष्णतामान सरासरीनें सुमारें 33 अंश सेल्सियस असतें. भंडाऱ्याशेजारच्या नागपुरास तें 42 अंशांच्या वर जातें. हा वारा वेळेवर आला नाहीं, तर किनाऱ्यावरहि कठीण होतें. मार्च-एप्रिलांत कधीं कधीं पूर्वेचा कोरडा वारा जमिनीकडून जोरानें वाहतो व खाऱ्या वाऱ्यास थोपवून धरतो. अशा वेळीं मुंबईचा पारा चाळिशी गांठतो. सांताक्रूझ येथें 28 मार्च 1956 रोजीं तो 41.7 अंशांवर गेला होता.

भंडारा तर दोन्ही समुद्रांपासून पांचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जिल्ह्यांत मालगुजारी तलाव पुष्कळ. पण ते उथळ, आणि उन्हाळ्यांत आटत जाणारे. त्यांच्या पाळीवर सायंकाळीं गारवा मिळेल. गांवाचें ऊन त्यांनीं उतरत नाहीं. म्हणून येथें पारा दुपारीं तीनच्या सुमारापर्यंत चढतच राहतो. किनाऱ्यावरचा एखादा मजूर "बारा वाजले, आतां वारा येईल" या भरंवशावर येथें उन्हांत राबत राहिला, तर त्याच्या जिवावर बेतेल. येथील तेंदूपत्ता तोडणारीं माणसें पहांटेसच रानांत शिरतात व ऊन चढण्यापूर्वीं परततात. तीच या मुलखाची शहाणी वहिवाट होय.

निसर्गानें भंडाऱ्यास एक सवलत मात्र दिली आहे. येथील उन्हाळी हवा कोरडी. म्हणून वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलें कीं तें झपाट्यानें उडून जातें व खोली गार होते. घामहि तसाच वाळून अंग निवतें. किनाऱ्यावरची हवा खाऱ्या वाऱ्यानें आधींच ओलसर झालेली असते. तेथें ना ताटी नीट वाळते, ना घाम. परंतु या सवलतींत एक धोका लपलेला आहे. घाम निघतांक्षणींच वाळल्यामुळें शरीरांतील किती पाणी गेलें, हें माणसास कळत नाहीं. रत्नागिरीच्या माणसानें खुशाल वाऱ्याची वाट पाहावी. भंडाऱ्याच्या माणसानें तहान लागण्यापूर्वींच पाणी प्यावें आणि बाराच्या आंत सावली गांठावी.