कोयता गेला, दप्तर राहिलं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या गावांत ऊसतोडीला जाणारे ट्रक लागायला सुरुवात होते. भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या असा सगळा संसार वर चढतो. पूर्वी त्यातच पोरंही चढायची. शाळेच्या हजेरीपटावर मग थेट कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच लागायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या वाढत गेल्या. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातले कारखाने या जिल्ह्याच्या जिवावर चालले. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ उचल आणि ती फिटेपर्यंत उसाचा फड. या हिशेबात पोराच्या शाळेला जागाच नव्हती. थोरली मुलगी असली तर ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायची, पाणी भरायची, भाकरी थापायची. दहा-अकराव्या वर्षीच ती घरातली बाई होऊन जायची, पुढे लग्नही लवकर व्हायचं. या जिल्ह्यातल्या बालविवाहांचं एक मूळ त्या कोपीत आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा काढल्या. शाळाच पोरांमागे गेली. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की वर्ग मोडायचा. पोरांना गावातच ठेवावं, ही वाट जास्त टिकाऊ निघाली. बीड जिल्ह्यातल्या आर्वीला दीपक नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ हा प्रकल्प उभा केला, तोही याच पोरांसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. दोन वेळचं जेवण शाळेत आणि रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे मुक्काम, अशी ती साधी व्यवस्था.

ही व्यवस्था सरकारची, हे खरं. पण पोराला मागे ठेवायचा निर्णय मायबापांचा, आणि त्याचं मोल मला सगळ्यात मोठं वाटतं. सात-आठ वर्षांचं लेकरू पाच-सहा महिने नजरेआड ठेवायचं, त्याला ताप आला तर दोनशे-तीनशे किलोमीटरवरून नुसतं फोनवर विचारायचं. शिवाय घरातले कामाचे दोन हात कमी होतात, ते वेगळंच. पालकांनी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावं, असं शहरात सांगितलं जातं. इथल्या आईने त्यासाठी लेकराचा सहवासच सोडला.

अशा एका घरातल्या संध्याकाळी मी पाहिल्या आहेत. आजी चुलीपुढे, नात ओट्यावर. तिकडे फडात गाडी भरून झाली की आईचा फोन यायचा. जेवलीस का, हे विचारून झालं की आई म्हणायची, ‘वाच बरं आज काय शिकवलं ते.’ नात धडा वाचायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण पोरगी कुठे अडखळली ते तिला बरोबर कळायचं. ‘ते पुन्हा वाच,’ ती म्हणायची.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, अशी तरतूद आहे. आमच्याकडे मात्र ज्यांची पोरं सगळ्यात जास्त अडचणीत, तेच पालक दिवाळी ते होळी गावात नसतात. हंगामी वसतिगृहाची मंजुरी रखडली तर बोलणारं कोणी उरत नाही. टोळ्या जाऊन महिना झाल्यावर जेवण सुरू झालं तर उपयोग काय? तोवर पोरं ट्रकमध्ये बसून गेलेली असतात.

कोरोनात 2020 च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि मागे राहण्याचं कारणच संपलं. बरीच पोरं पुन्हा फडावर दिसू लागली. वर्षानुवर्षं जमवलेली घडी एका हंगामात विस्कटली, याचं दुःख अजून जात नाही. 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. राज्यातल्या 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांचं ते नियोजन. त्यात मुलींसाठी वेगळी सोय आहे, ही मोठी गोष्ट. कारण मुलीला मागे ठेवताना आईबापांच्या पोटात गोळा येतो तो अभ्यासामुळे नाही, रात्रीच्या काळजीने.

म्हणून गावात राहणाऱ्यांना एकच विनंती. समितीची बैठक दसऱ्याच्या आधी घ्या, टोळीला जाणाऱ्या आईबापांना तिथे बसवा, त्यांचं पोर कुणाकडे झोपणार आणि कधीपासून जेवणार हे त्यांच्यासमोर लिहून घ्या, आणि मगच ट्रक हलू द्या.