व्हिडिओ खेळांचा व्यवसाय : कल्पकता आणि चरितार्थ

दहावी-बारावीचे निकाल लागले, की गावोगावच्या शिक्षकांकडे पालक मुलांना घेऊन सल्ल्यासाठी येतात. पूर्वी अशा वेळी ‘पॉलिटेक्निक की आय.टी.आय.?’ एवढाच प्रश्न असे. हल्ली त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, आपल्याला व्हिडिओ खेळ तयार करण्याचा व्यवसाय शिकावयाचा आहे. वडील गोंधळतात, कारण मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेण्यातच त्यांच्या आजवरच्या संध्याकाळी गेलेल्या असतात. तरीही ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हा व्यवसाय जगभर पसरला असून पुणे, बेंगळुरू, हैदराबाद या आपल्या जवळच्या शहरांतही त्याचे काम चालते. तथापि त्यात शिरणाऱ्यास नेमके कोणते काम मिळते आणि त्याच्या कल्पनाशक्तीला कितपत वाव असतो, हे आधी समजून घेतलेले बरे. शिक्षणासाठी काढलेले कर्ज स्वप्न मोडले तरी फेडावेच लागते.

खेळ म्हणजे एका प्रतिभावंताची निर्मिती, ही समजूत मुलांच्या मनात घट्ट असते. एके काळी ती खरीही होती. अटारी या अमेरिकन कंपनीत वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा खेळ एकट्याने रचला. कंपनी खेळावर कर्त्याचे नाव छापीत नसे. तेव्हा त्याने खेळाच्या पोटातच एक गुप्त दालन ठेवून तेथे आपले नाव लिहिले आणि कोणास काही न सांगता नोकरी सोडली. १९८० साली खेळ बाजारात आल्यानंतर एका मुलाने ते दालन शोधून काढले, तेव्हा कुठे कंपनीला या प्रकाराचा पत्ता लागला! नावासाठी आणि मोबदल्यासाठी याच कंपनीतील चार कुशल आज्ञावलीकार, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे, १९७९ साली बाहेर पडले आणि अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली.

आज चित्र पालटले आहे. नावे छापली जातात. पण ती इतकी असतात, की वाचून संपत नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या खेळासाठी निरनिराळ्या देशांतील सुमारे २००० माणसे राबली. त्यांत बेंगळुरूच्या शाखेतील मंडळीही होती. एवढ्या मोठ्या कारखान्यात कथा कोणती, नायक कोण, हे थोडी माणसे ठरवितात. उरलेल्यांपैकी कोणी महिनोन्‌महिने दारे, दगड आणि घोड्यांची खोगिरे यांच्या आकृत्या घडवितो, कोणी केवळ पावलांचे आवाज जुळवितो. तपासनिसाचे काम तर असे, की एकाच जिन्यावरून खेळातील माणसाला शंभर वेळा चढवायचे, उतरवायचे आणि तो कोणत्या पायरीवर अडखळतो त्याची नोंद करायची. पुष्कळ नवख्यांचा प्रवेश याच दाराने होतो. खेळ खेळण्याची आवड आणि हे काम यांचा संबंध फार थोडा आहे.

गणपतीच्या चित्रशाळेत ज्यांनी चतुर्थीपूर्वीचे दोन महिने काढले आहेत, त्यांना हे सहज उमजेल. नवा पोरगा माती मळतो, साचे पुसतो. पुढे केव्हातरी पितांबर रंगविण्याचे काम त्याच्याकडे येते. डोळ्यांची आखणी मात्र मुख्य मूर्तिकारच करतो. म्हणून माती मळणारा कलावंत नव्हे, असे कोणी म्हणत नाही. खोगिराचे कातडे जुने, वापरलेले दिसावे यासाठीही नजर लागतेच. अडचण कल्पकतेच्या अभावाची नसून अपेक्षेची आहे. पहिल्याच वर्षी डोळे रेखायला मिळतील, या समजुतीने जो जातो तो निराश होतो.

पुण्यातील दोन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या आपल्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती काढण्याचे काम पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे सोपविले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा केली. भारतीय शाखांना मिळालेला हा मोठा मान होता. परंतु पहिली दृश्ये चाहत्यांना रुचली नाहीत, प्रकाशन पुढे ढकलले गेले, २०२२ साली काम कॅनडातील माँट्रियल शाखेकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्पच कंपनीने रद्द केला. काम करणाऱ्यांना पगार मिळाला, अनुभव मिळाला. खेळ मात्र जगापुढे आला नाही. नोकरीत हेही घडते.

दुसरे उदाहरण ‘राजी’ या खेळाचे. पुण्यातील एका लहान गटाने तो स्वतःच्या कल्पनेने रचला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, तिच्या हाती देवीने दिलेले शस्त्र, भोवती राजस्थानी वास्तुशैलीचे वाडे, असे त्याचे सर्वस्वी भारतीय रूप. २०१७ साली या गटाने लोकवर्गणीचे आवाहन केले, ते अपेक्षित रक्कम न जमल्यामुळे फसले. तरी काम न सोडता त्यांनी २०२० साली खेळ पूर्ण केला आणि नवोदितांच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. येथे डोळे रेखण्याचे समाधान पुरेपूर होते, पण महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची शाश्वती नव्हती. शिवाय असे स्वतंत्र खेळ आता अमाप निघतात. स्टीम या एकाच विक्रीस्थळावर २०२४ या वर्षात १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. त्यांतील कितींकडे ग्राहकाने वळून पाहिले असेल?

नोकरीही पूर्वीच्या सरकारी नोकरीसारखी समजू नये. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळ विभागातील १९०० आणि पुढच्याच महिन्यात सोनीने ९०० जागा कमी केल्याचे जाहीर केले. आपल्याकडे पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्यानंतर अशा कंपन्यांतील अनेकांना घरी बसावे लागले. जुगाराचे हे खेळ आणि कथा-कलेचे खेळ यांत पालक गल्लत करतात. कायद्याने मात्र ती केलेली नाही.

मग ज्याला खरोखर ओढ आहे, त्याने काय करावे? प्रथम, शाळा सोडू नये. चित्रकला, गणित, भाषा, संगीत यांपैकी एक तरी विद्या पक्की असावी. कारण खेळांच्या कंपनीत जागा मिळाली नाही, तर तीच जाहिरात, चित्रपट, मुद्रण किंवा संगणक-व्यवसायात उपयोगी पडते. पणजीच्या गोवा कला महाविद्यालयासारख्या मान्यताप्राप्त संस्थेची पदवी यासाठी अधिक भरवशाची. पदवीनंतर बेंगळुरू येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या केंद्रात खेळरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दुसरे, घरी किंवा शाळेत संगणक असेल तर गोडो आणि ब्लेंडर ही साधने विनामूल्य मिळतात. त्यांच्या साहाय्याने दहा मिनिटांचा का होईना, एक खेळ पूर्ण करावा आणि शेजारच्या पाच मुलांना खेळावयास द्यावा. ती कोठे कंटाळतात हे मुकाट्याने पाहावे. कंपन्या प्रमाणपत्रापेक्षा केलेल्या कामाचा नमुना मागतात, आणि अर्धवट टाकलेल्या दहा खेळांहून पूर्ण झालेला एक अधिक बोलतो.

खाजगी संस्थेत फी भरण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी लेखी मागाव्यात : पदवी कोणत्या विद्यापीठाची, गेल्या वर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले व त्यांपैकी किती जण कोणत्या कंपनीत कोणत्या पदावर लागले, मध्येच शिक्षण सोडल्यास फी परत मिळते काय. शक्य तर त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी प्रत्यक्ष बोलावे. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असे फलकावर लिहिणारी संस्था ही माहिती कागदावर देण्यास तयार नसेल, तर पैसे भरू नयेत.