गंज काढायचं स्वस्त एअर टूल: बॉक्सवरच्या आकड्याला भुलू नका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी भाग. माझे "अं... म्हणजे" तेवढे काढून टाकलेत.

तर झालं असं. चिपळूणला आमच्या घराला बाहेरून लोखंडी जिना आहे. आजी रोज त्यावरून गच्चीवर जाते, उन्हाळ्यात आमसुलं वाळत घालायला तर दिवसातून चारदा. कोकणातला पाऊस तुम्हाला माहितीये. दर दोन वर्षांनी आम्ही वरून ऑइलपेंट फासत आलो. यंदा मे महिन्यात पायरीखालचा रंग नखाने उचकटला, तर लोखंडाचे पापुद्रेच हातात आले. बाबा म्हणाले, "मार रे एक हात, पावसाळा तोंडावर आलाय." मी म्हटलं, आधी गंज काढतो.

मित्राच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर मिळाला: २ एचपी, ५० लिटरची टाकी. टूलसाठी बजेट ४ हजार.

पर्याय तीन

पहिला, सँडब्लास्टिंग गन. दिसायला सगळ्यात भारी आणि सगळ्यात स्वस्त. दुसरा, एअर डाय ग्राइंडर, पुढे वायर ब्रश किंवा डिस्क लावायची. तिसरा, नीडल स्केलर. यात पोलादी सुयांचा जुडगा असतो. आतला पिस्टन मिनिटाला हजारो ठोके देतो, सुया खाचाखोचांत शिरतात आणि गंजाचे थर उडवतात. जहाजांवर गंज काढायला हेच वापरतात.

खरा प्रश्न हवेचा

टूलची किंमत नंतर बघा, आधी त्याची भूक बघा. हवा मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. साधा पिस्टन कॉम्प्रेसर एका एचपीमागे ३ ते ४ सीएफएम देतो. म्हणजे आपल्याकडे धरा ६.

आता गंमत बघा. डाय ग्राइंडरच्या बॉक्सवर लिहिलेलं असतं ४ सीएफएम. वाटतं, अरे वा, बसतंय की! पण हा आकडा बऱ्याचदा 'अ‍ॅव्हरेज' असतो: मिनिटातली १५ सेकंदंच टूल चालेल असं धरून काढलेला. सलग चालवलं तर लागतात १६. आपण देतोय ६, तूट १०. टाकीतला दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत ५० लिटरच्या टाकीतून हवा मिळते १०० लिटर, म्हणजे साडेतीन घनफूट. भागाकार करा: जेमतेम २० सेकंद! मग थांबा, टाकी भरू द्या. व्हिडिओ बफर होतो ना, तस्संच.

सँडब्लास्टिंगचं तर विचारूच नका. ३ मिमीच्या नोझलला ९० पीएसआयवर १८ च्या आसपास सीएफएम लागतात, तेही सलग. शिवाय लोक त्यात सरळ नदीची वाळू भरतात. तसं कधीच करू नका. वाळू फुटून सिलिकाची धूळ होते, ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

मग मी काय घेतलं?

नीडल स्केलर. त्याची भूक कमी, आणि मध्ये थांबावं लागलं तरी काम बिघडत नाही. पण तो जाड लोखंडासाठीच. जिन्याचे अँगल ५ मिमीचे, तिथे मस्त. रेलिंगचा पातळ पाइप किंवा गाडीचा पत्रा असेल तर स्केलर लावू नका, पोचे पडतील. तिथे मी घरातला साधा चार इंची इलेक्ट्रिक ग्राइंडर आणि स्ट्रिप डिस्क वापरली. सगळं हवेवरच चालवायचा हट्ट नको.

चार गोष्टी लक्षात ठेवा

- डाय ग्राइंडर घेतलाच, तर ब्रशवरचा आरपीएम वाचा. टूल २० हजारांच्या वर फिरतं. कमी आरपीएमच्या ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या येतात.
- गॉगल, कानाला इअरमफ, नाकाला चांगला मास्क. भारतात घरगुती पेंटमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगाची धूळ पोरांपासून लांब ठेवा.
- रोज सुरुवातीला टूलच्या इनलेटमध्ये एअर टूल ऑइलचे दोन-चार थेंब, आणि शेवटी टाकीतलं पाणी सोडा. नाहीतर गंज काढायचं टूलच गंजेल.
- साफ केलेल्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणच्या दमट हवेत रात्रीत परत लाली चढते.

आणि हो, जिन्याचं काय झालं? तिसऱ्या पायरीच्या अँगलवर स्केलर टेकवला आणि सुया आरपार गेल्या. लोखंड उरलंच नव्हतं, नुसते रंगाचे थर होते. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरला बोलावून दोन अँगल बदलून घेतले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त आजीला म्हणाले, "दोन दिवस वर जाऊ नको."

तुमच्याकडेही असा रंगवून रंगवून जाड झालेला जिना, गॅलरी किंवा झोपाळ्याची कडी असेल, तर पावसाआधी एकदा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!